दहापैकी चार

"दहापैकी किती दुखतंय?" नर्सनं विचारलं.

रेलीननं एकदा जोसायसकडे पाहिलं. पंधरा वर्षांची पोर, ओठ पांढरेफटक पडलेले, पण पाठ ताठ. जाकिटाची टोपी तिनं दाराशीच मागे सारली होती. हात खिशातून काढून मांडीवर ठेवले होते. तोंडातलं च्युइंगम गाडीतच कागदात गुंडाळून टाकलं होतं.

"चार," ती म्हणाली. आणि आठवण झाल्यासारखी पुढे म्हणाली, "प्लीज."

नर्सनं चार लिहिले. जोसायस क्विल मागे भिंतीला टेकून उभा होता, आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी त्याला पोरीचं कौतुक वाटलं. शहाणी निघाली. सांगितलेलं एकही विसरली नाही.

जोसायस आमच्या लून नॅरोज या आदिवासी वस्तीच्या दवाखान्याची गाडी चालवायचा. चौदा वर्षं झाली होती. आमच्या वस्तीपासून शहरातलं हॉस्पिटल एकशे सत्तर किलोमीटर, हिवाळ्यात अडीच तास. डायलिसिसची म्हातारी माणसं, पोटुशी बायका, दातदुखीवाले, सगळ्यांची ने-आण त्याच्याकडे. आणि गाडीत कुणी पोरगं-पोरगी असली की एकशे सत्तर किलोमीटर त्याची शाळा चालायची. टोपी काढायची. खिशात हात नकोत, त्यांना वाटतं काहीतरी लपवलंय. प्लीज म्हणायचं. रडायचं नाही, ओरडायचं तर मुळीच नाही. आणि दुखणं किती विचारलं, तर कितीही मरणाचं दुखत असलं तरी चार म्हणायचं, फार तर पाच. दहा म्हणालात की तुम्ही गोळ्यांसाठी आलात, नाहीतर पिऊन आलात, असं त्यांच्या डोक्यात बसलंच म्हणून समजा.

"तू गाडी चालवतोस की प्रवचन देतोस रे?" मागून जेमायमा ओरडायची. जेमायमा आठवड्यातून तीनदा डायलिसिसला यायची. ती त्याची मामेबहीण. आमच्याकडे आतेमामे भावंडांना थट्टेचा हक्क असतो, आणि सत्तरी गाठली तरी तो हक्क तिनं सोडला नव्हता. "लग्न माझ्याशी केलं असतंस तर एवढं बोलायची हिंमत झाली नसती तुझी."

"म्हणूनच नाही केलं," जोसायस आरशात बघून म्हणायचा.

पण ही शाळा काही हौसेची नव्हती. त्याचा मुलगा क्लेटन सतरा वर्षांचा असताना डोकं दुखतंय म्हणून याच हॉस्पिटलात आला होता. दहा म्हणाला, ओरडला, जमिनीवर ओकला. पिऊन आलाय म्हणून त्याला बाहेरच्या बाकावर बसवलं, झिंग उतरू दे म्हणाले. मेंदूज्वर होता. पोरगा वाचला, पण दोन्ही कान गेले. आता तो विनिपेगला असतो, फोनवर अक्षरं पाठवतो. बापाचा आवाज त्यानं अकरा वर्षांत ऐकलेला नाही. त्यानंतर जोसायसनं हे नियम एकेक करून बसवले. दोनेकशे पोरं त्यानं अशी नेली असतील, आणि बहुतेकांचं काम नीट झालं. म्हणून तर त्याचा त्यावर विश्वास.

नर्स तरुण होती, आवाजानं गोड. "आज काही घेतलंस का? दारू? गोळ्या?"

रेलीननं मान हलवून नाही म्हटलं.

"बॉयफ्रेंड आहे?"

रेलीननं खाली पाहिलं. मोठ्या माणसांसमोर असल्या प्रश्नाला पोरगी खाली बघणार नाही तर काय करणार? आमच्याकडे मोठ्यांच्या डोळ्याला डोळा लावणं म्हणजे उर्मटपणा. नर्सनं मात्र काहीतरी बराच वेळ लिहिलं.

"आणि तुम्ही कोण? आजोबा?"

"ड्रायव्हर," जोसायस म्हणाला. खोटं बोलायची त्याला सवय नव्हती. "हिची आजी येणार होती, पण घरी धाकटी तीन आहेत. त्यांना बघायला दुसरं कुणी नाही."

"मग तुम्हाला इथं थांबता येणार नाही. बाहेर बसा."

"तीन दिवस दुखतंय तिला, बाई. आमच्या दवाखान्यानं दोनदा नुसत्या तापाच्या गोळ्या दिल्या."

"आम्ही बघू," नर्स म्हणाली. गोडच म्हणाली.

तेव्हा सकाळचे साडेआठ झाले होते. जेमायमाला वर डायलिसिसला सोडून जोसायस परत खाली आला, तर रेलीनही बाहेरच्या खुर्चीत. तिच्याकडून लघवी घेतली होती, पोटुशी आहे का बघायला. बाकी काही नाही. नंबर येईल तेव्हा बोलावतील.

नऊ वाजले. दहा वाजले. एक हॉकीचा पोरगा आला, मनगट सुजलेलं. त्याची आई दारातूनच ओरडत आली, "माझ्या मुलाला किती वेळ उभं ठेवणार आहात तुम्ही?" पाचव्या मिनिटाला पोरगा आत. जोसायस बघत राहिला. त्या बाईच्या ओरडण्याला इथं आईची माया म्हणत होते. त्याच्या क्लेटनच्या ओरडण्याला काय म्हणाले होते, ते त्याला अजून पाठ होतं.

साडेदहाच्या सुमारास त्याचं लक्ष रेलीनच्या हाताकडे गेलं. ती खुर्चीच्या कडेला धरून बसली होती आणि बोटांची पेरं पांढरी झाली होती. गुडघे पोटाशी घेतलेले. कपाळावर घाम. पण तोंडातून हूं की चूं नाही.

तो तिच्याजवळ वाकला. आपल्या भाषेत हळूच म्हणाला, "बाळा, खरं किती आहे?"

"नऊ," ती कुजबुजली. "काल रात्री दहा होते."

"अगं मग सांगायचं नाही का!"

"मिशुम, तुम्हीच सांगितलंत ना चार म्हणायचं." मिशुम म्हणजे आजोबा. वस्तीतली सगळी पोरं त्याला तेच म्हणायची. "तीन दिवस मी पाठ करत होते. कूकुमनं पण माझ्याकडून म्हणून घेतलं."

म्हणजे घरी तिची आजी, दुखणाऱ्या पोरीला समोर बसवून, चार म्हणायची तालीम देत होती. जोसायसचं शहाणपण त्याच्या आधीच घरोघर पोचलं होतं. आता याला काय म्हणावं?

"चल," तो म्हणाला. "ऊठ. आता खरं सांग."

तिला उठता येईना. त्यानं काखेत हात घालून तिला खिडकीपर्यंत नेलं. रेलीननं काचेतून नर्सला सांगितलं, "नऊ आहे. माझं नऊ आहे."

नर्सनं कागद पाहिला. "सकाळी चार होते."

"आता नऊ आहे. प्लीज."

नर्सची नजर रेलीनवरून जोसायसवर आली. "मघाशी तुम्ही हिच्या कानात बोलत होतात. मी पाहिलं. काय सांगितलंत?"

"काही नाही सांगितलं. विचारलं."

"सर, नंबर लवकर यावा म्हणून आकडा वाढवायला शिकवणारे इथं रोज येतात."

"बाई, ऐका माझं." जोसायसला भर फेब्रुवारीत घाम फुटला. "शिकवलंय मी तिला. कबूल आहे. पण मी शिकवले ते चार. नऊ तिचं स्वतःचं आहे."

"म्हणजे तुम्ही पेशंटना आमच्याशी खोटं बोलायला शिकवता?"

का शिकवतो ते सांगायला अकरा वर्षं मागे जायला हवं होतं, आणि काचेपलीकडे तेवढा वेळ कुणाला होता. आवाज चढवावा तर बाजूलाच पहारेकरी उभा होता, कमरेच्या पट्ट्यात अंगठे अडकवून. तो आपल्याला बाहेर काढेल आणि पोर आत एकटी पडेल, या भीतीनं जोसायसनं शब्द गिळले. "माफ करा," तो म्हणाला. माफी कशाची ते देवाला ठाऊक. नर्सनं पुन्हा काहीतरी लिहिलं.

मग तो खुर्चीत बसून राहिला, तिचं डोकं आपल्या खांद्यावर घेऊन. आयुष्यात त्याला एवढं निकामी कधी वाटलं नव्हतं. गाडी बर्फात रुतली तर फावडं घेता येतं. इथं काय घ्यायचं?

आणि बारा वाजता नवल घडलं. रेलीननं एकदम डोळे उघडले. "मिशुम, थांबलं."

"काय थांबलं?"

"दुखायचं थांबलं. खरंच." ती हसली. तीन दिवसांत पहिल्यांदा हसली असावी. आणि नेमका तेव्हाच तिचा नंबर लागला.

डॉक्टर दोन मिनिटांत मोकळा झाला. पोटावर दोन बोटं ठेवली न ठेवली. आता कसं वाटतंय? बरं वाटतंय. पोटुशी नाही. ताप थोडा आहे, पोटाचा फ्लू असेल, तो सध्या सगळीकडे आहे. पाणी भरपूर प्या. कागद हातात. चार म्हणणारी, नऊ म्हणणारी आणि आता हसणारी ही पोरगी, तिच्याबद्दल त्या कागदात आधी काय काय लिहिलं होतं ते जोसायसला कुणी दाखवलं नाही.

आणि सांगायला जीभ रेटत नाही, पण जोसायसला हायसं वाटलं. अगदी मनापासून हायसं वाटलं. दुखणं थांबलं म्हणजे बरंच झालं की! अपेंडिक्स फुटलं की दुखणं तासभर असंच थांबतं, हे त्या डॉक्टरला ठाऊक असायला हवं होतं. ड्रायव्हरला कुठून ठाऊक असणार?

जेमायमाचं मशीन दुपारचं असायचं, चार वाजेपर्यंत चालायचं. म्हणून दोघं गाडीत बसून राहिले. हॉस्पिटलच्याच आवारात, दारापासून साठ पावलांवर, चार तास. जोसायसनं इंजिन चालू ठेवून गाडी गरम ठेवली, मागच्या सीटवर तिला आडवी केली, वर दोन घोंगड्या घातल्या. बॅनकची रोटी आणि मूस हरणाच्या मांसाचं सूप होतं, पण तिला वासही नको झाला.

"मिशुम," ती डोळे मिटून म्हणाली, "तुमच्या शाळेत मला किती मार्क?"

"शंभर," तो म्हणाला. "पैकीच्या पैकी. तुझ्यासारखी कुणी नाही झाली आजवर."

"मग कूकुमला सांगा. ती म्हणते मी कुणाचं ऐकत नाही." थोड्या वेळानं म्हणाली, "शनिवारी व्हॉलीबॉल आहे." मग तिला झोप लागली. त्यानं तीनदा मागे वळून पाहिलं. तिन्ही वेळा ती झोपलेली होती. झोपू दे, त्याला वाटलं. तीन रात्री झोपली नाही बिचारी.

चारला जेमायमा आपला वॉकर ढकलत आली, पिळून काढलेल्या फडक्यासारखी. "हिला का मागे झोपवलंयस? आता मला तुझ्या शेजारी बसावं लागणार. लोक काय म्हणतील?"

"लोकांचं सोड, तू मागेच बस. तिचं डोकं मांडीवर घे."

गाडी निघाली. ऐंशीएक किलोमीटर झाले असतील. उजेड कमी होत चालला होता. जेमायमा बोलायची थांबली आहे हे जोसायसला उशिरा कळलं.

"जोसायस," ती म्हणाली. थट्टेचा लवलेश नव्हता. "गाडी वळव."

"काय झालं?"

"पोरीचं अंग गार पडलंय, आणि घामानं भिजलंय. पोट लाकडासारखं लागतंय हाताला. मी आठ पोरं वाढवलीत, असलं पोट मला माहीत आहे. वळव म्हणते ना!"

फोनला तिथं रेंज नसते. पुढं वस्तीपर्यंत नसते, मागं पन्नास किलोमीटर नसते. जोसायसनं गाडी बर्फाच्या कडेपर्यंत नेऊन वळवली आणि हयातीत कधी चालवली नव्हती तशी चालवली. मागून रेलीनचा आवाज यायचा, काहीतरी असंबद्ध, धाकट्या भावंडांची नावं. मग आवाज यायचा थांबला. जेमायमा मोठ्यानं तिच्याशी बोलत राहिली, आपल्या भाषेत, बाळा इकडे बघ, बाळा झोपू नको.

हॉस्पिटलच्या दारातून जोसायस तिला दोन्ही हातांवर घेऊन आत शिरला आणि ओरडला. अकरा वर्षं जे करू नका म्हणून पोरांना बजावलं, ते सगळं त्यानं एका दमात केलं. "ही मरतेय! तुम्ही घरी पाठवलीत ती मरतेय! दहा आहे, दहा, ऐकू येतंय का तुम्हाला? या ना कुणीतरी बाहेर, हरामखोरांनो!" शेजारच्या खुर्च्यांतली माणसं पोरांना जवळ ओढून बसली. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि कुणीतरी बाजूला म्हणालं की म्हातारा प्यायलेला दिसतो.

आता मात्र पळापळ झाली. स्ट्रेचर आला, चार माणसं आली, कुणी कात्रीनं स्वेटर कापला, दुसरी नर्स, वयानं मोठी, तिनं पोटाला हात लावताच शिवी हासडली. जोसायस मागून धावला, तर पहारेकऱ्यानं त्याचा दंड धरला. त्यानं हिसडा दिला. तेवढं पुरे झालं. हात पाठीमागे पिळून त्याला दारापलीकडे नेलं.

"शांत झालात तरी आज आत नाही यायचं," पहारेकरी म्हणाला. "पोलीस बोलावत नाही, एवढंच."

"ती एकटी आहे आत."

"सॉरी, सर."

तेव्हा जेमायमा गाडीतून उतरली. डायलिसिस झालेल्या दिवशी ती घरातल्या घरात चालायची नाही. वॉकर बर्फात टेकत टेकत ती दारापर्यंत आली, आणि त्या धिप्पाड माणसाकडे मान वर करून म्हणाली, "मी तिची आजी आहे. बाजूला हो." तो बाजूला झाला.

जोसायस दाराबाहेर उभा राहिला. उणे सव्वीस होतं. टोपी आत कुठंतरी पडली होती. दर वेळी दार सरकलं की गरम हवेचा झोत यायचा आणि कुणीतरी अनोळखी बाहेर पडायचं. त्यानं देवाशी सौदे केले. दोन्ही डोळे घे म्हणाला. क्लेटनचे कान नको देऊस परत, मी पुन्हा कधी मागणार नाही, पण हिला दे.

पावणेआठला जेमायमा आली. वॉकरच्या दांडीला हॉस्पिटलची प्लॅस्टिकची पिशवी अडकवली होती. तिच्यात रेलीनचे बूट दिसत होते.

"गेली," ती म्हणाली. "ऑपरेशनला नेतानाच. पोटभर विष झालं होतं म्हणाले. मी हात धरला होता. एकटी नव्हती."

जोसायस तिथंच बर्फात खाली बसला. "मी मारली तिला, जेमायमा. ती ओरडली असती. पोरगी ओरडली असती, मी तिचं तोंड बंद केलं."

"ओरडली असती तर बाकावर बसवली असती. तुझ्या पोरासारखी," जेमायमा म्हणाली. "काय केलं असतंस तू? मला नाही ठाऊक. तुला असं वाटणार, मरेपर्यंत वाटणार. ते काढून घेणं माझ्या हातात नाही. ऊठ आता. तिच्या कूकुमला फोन कर. दुसऱ्या कुणाकडून कळायला नको."

त्यानं फोन केला. आपल्या भाषेत सांगितलं, कारण ती बातमी इंग्रजीत सांगायची त्याची तयारी नव्हती. पलीकडून आजीनं एकच विचारलं, "शहाण्यासारखी वागली ना रे?"

"हो," जोसायस म्हणाला. "फार शहाण्यासारखी."

आमच्याकडे गेलेल्या माणसाला मातीआड होईपर्यंत एकटं ठेवत नाहीत. कुणीतरी शेजारी बसतं, आळीपाळीनं. पण सरकारी डॉक्टर बघेपर्यंत तिला तळघरात ठेवणार, सकाळपर्यंत तिथं कुणालाच सोडणार नाहीत, असं जेमायमाला आत सांगण्यात आलं होतं. तळघर कुठल्या बाजूला, एवढं मात्र तिनं विचारून घेतलं होतं.

जोसायसनं गाडी इमारतीला वळसा घालून नेली आणि मागच्या भिंतीला अगदी चिकटून उभी केली. तिथं गाड्या लावायला मनाई होती. जेमायमाच्या मांडीवर ती पिशवी होती. थोड्या वेळानं ती जुनं भजन म्हणायला लागली, आपल्या भाषेतलं, मयताला म्हणतात ते. आवाज फाटत होता. जोसायसनं काच चार बोटं खाली केली, भिंतीच्या बाजूची.

मघाचाच पहारेकरी टॉर्च घेऊन आला. काचेवर टकटक करायला त्यानं हात उचलला, आतलं भजन ऐकलं, भिंतीकडे पाहिलं. मग टॉर्च विझवून गेला.

साडेनऊला वस्तीच्या दवाखान्यातून गाड्यांचा हिशेब ठेवणाऱ्या पोरीचा फोन आला. तिला अजून काही कळलेलं नव्हतं.

"जोसायसकाका, कुठं आहात? गाडी अजून आली नाही. निघालात ना?"

"नाही निघालो," जोसायस म्हणाला. "माझी एक पेशंट अजून आत आहे. तिला घेऊनच येईन."